मंगळाची स्वारी, परळचा बंगला

एच. जी. वेल्स यांची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही कादंबरी सव्वाशे वर्षांनंतरही आवडीने वाचली जाते. तिच्यावर पुन्हा पुन्हा चित्रपट निघतात. याचे श्रेय तिच्यातल्या तीन पायांच्या अजस्र यंत्रांना आणि सारे भस्म करणाऱ्या उष्णकिरणांना दिले जाते. पण त्याहून भयंकर शस्त्रे पुढे माणसानेच बनवली. कादंबरी टिकली ती तिच्या आरंभामुळे आणि शेवटामुळे, आणि ही दोन्ही टोके मुंबईतल्या परळच्या वाचकाला फार जवळची आहेत.

मंगळवासीयांना दोष देण्याआधी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचा युरोपियनांनी केलेला संहार आठवा, असे वेल्स पहिल्याच प्रकरणात बजावतात. ‘पियर्सन्स मॅगझीन’मधून ही कादंबरी क्रमशः छापून येत होती ती १८९७ साली, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या वर्षी. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर लोकांच्या घरांत शिरत होते. २२ जूनच्या रात्री महोत्सवाच्या समारंभातून परतणाऱ्या प्लेग-अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. उंबरठा ओलांडून परके सैन्य आत येते म्हणजे काय होते, याची वेल्सना इंग्रज वाचकांसाठी कल्पना करावी लागली. इथल्या माणसांना ती करावी लागली नाही.

शेवटी तोफा हरतात, युद्धनौका बुडते, लंडन रिकामे होते. आणि मग मंगळवासी आपोआप मरून पडतात, पृथ्वीवरच्या साध्या जंतूंनी. लेखकाने केलेली ही सोयीस्कर सुटका आहे, असा आक्षेप अनेकांनी घेतला आहे. मला तो मुळीच मान्य नाही. वेल्स टी. एच. हक्स्ले यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकलेले होते. मंगळावर जंतू कधी नव्हतेच, किंवा तिथल्या विज्ञानाने ते कधीच नाहीसे केले होते. म्हणून त्या शरीरांत प्रतिकारशक्ती नव्हती, ही त्यांची मांडणी चोख आहे. माणसाला ती शक्ती मिळाली ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या असंख्य मृत्यूंची किंमत मोजून, हेही ते स्पष्ट सांगतात.

जंतू राजा-प्रजा पाहत नाहीत, हे परळने तर डोळ्यांनी पाहिले आहे. परळचा बंगला हे तेव्हा मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होते. १८८० च्या दशकात तिथे गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी कॉलऱ्याने गेल्या आणि पुढे गव्हर्नरांनी तो सोडून मलबार हिल गाठली. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उतरला, तेव्हा मात्र मरण प्रामुख्याने गरिबांच्या वस्त्यांत शिरले. जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा त्याच रिकाम्या बंगल्यात आली. आज ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते.

तिथली पद्धत पाहण्यासारखी होती. मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या थेंबांखाली प्लेगचे जंतू झुंबरासारखे लोंबत वाढायचे. भांडे हलवले की ते तळाशी बसायचे आणि वर नवे लोंबू लागायचे. पुढे उष्णता देऊन ते सारे मारायचे आणि तीच लस. जी प्रतिकारशक्ती मिळवायला वेल्सच्या हिशेबाने पिढ्या मराव्या लागल्या, तिचा काही वाटा इथे एका सुईतून मिळू लागला.

कादंबरीत माणूस वाचतो, पण जिंकत नाही. त्याच्या हातून निर्णायक असे काही घडत नाही. ही नम्रता शिकवते म्हणून ती थोर आहे. मात्र नम्रता म्हणजे हातपाय गाळणे नव्हे, हे परळच्या त्या बंगल्याने त्याच काळात दाखवून दिले. म्हणून नववी-दहावीच्या मुलांना यंत्रांच्या मारामारीपुरते संक्षिप्त रूप देऊ नये. टास्मानियाच्या प्रश्नासह, जंतूंच्या शेवटासह पूर्ण कादंबरी द्यावी, आणि सोबत हाफकिन यांची हकिकत. वेल्स १९४६ साली वारले. आपल्या कॉपीराइट कायद्यातली मृत्यूनंतरची साठ वर्षांची मुदत २००६ अखेर संपली. असे एकत्रित मराठी पुस्तक काढायला आता कोणाच्याही परवानगीची गरज नाही. प्रकाशकांनी ते काढावे.