सावली जोडून मिळत नाही

मराठीच्या वर्गात फळ्याशेजारी पडदा आला, याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या पडद्यावर चढवल्या जाणाऱ्या दागिन्यांबद्दल. पॉवरपॉइंट १९८७ साली बाजारात आले. २००७च्या आवृत्तीपासून सावली, प्रतिबिंब, झळाळी, मऊ कडा, उठाव असे परिणाम नमुन्यांतून निवडून एका टिचकीसरशी चित्राला वा आकृतीला देता येऊ लागले. सोय झाली म्हणून गरज निर्माण झाली, असा हा उलटा व्यवहार आहे.

बालकवींची ‘औदुंबर’ घ्या. अवघ्या आठ ओळींची कविता. हिरवळ, पांढरी पायवाट, काळा डोह, आणि शेवटी पाण्यावर अंधारी छाया टाकून बसलेले झाड. ही छाया गोड का वाटते, झाड एखाद्या माणसासारखे का भासते, हे वाचणाऱ्याने स्वतःशी उलगडायचे असते. आता याच कवितेची स्लाइड पाहा. कुठून तरी उतरवून घेतलेले झाडाचे छायाचित्र, त्याला मऊ कडा, खाली प्रतिबिंब, शीर्षकाला निळी झळाळी, आणि एकेक ओळ उजवीकडून उडत येणारी. कवीने जी सावली शब्दांनी पाडली, ती आम्ही यादीतून निवडून चित्राला चिकटवतो! विद्यार्थ्याच्या मनात जे झाड उगवायचे, त्याची जागा आधीच दुसऱ्या झाडाने अडवलेली असते. पुढे तो उत्तरपत्रिकेत कवितेविषयी लिहितो की त्या छायाचित्राविषयी, हे तपासणाऱ्यालाही सांगता येत नाही.

‘मुलांचे लक्ष वेधायला नको का?’ असे आम्हांला विचारले जाते. वेधायला हवे, पण कशाकडे? उडत येणाऱ्या ओळीकडे डोळा जातो तो ती उडते म्हणून. ती स्थिरावली की लक्षही संपते, आणि पुढच्या ओळीला आणखी मोठी कोलांटी मारावी लागते.

आणि हे आपण मराठीच्या अध्यापकांनी करावे? ‘ध्वन्यालोक’ शिकवताना आपणच सांगतो की रसाच्या ओघात, वेगळा प्रयत्न न करता जो साधतो, तोच आनंदवर्धनाच्या मते खरा अलंकार. क्षेमेंद्राचे औचित्य शिकवताना गळ्यात मेखला आणि कमरेला हार घालणाऱ्यांचे उदाहरण देऊन वर्गाला हसवतो. मग मागे वळून पडद्याकडे का पाहत नाही? तिथला प्रत्येक परिणाम वेगळ्या प्रयत्नाने, आशयाशी काडीचा संबंध नसताना जोडलेला असतो.

आम्ही यंत्राचे वैरी नाही. भुजंगप्रयात शिकवताना बारा अक्षरांखाली लघुगुरूच्या खुणा एकेक करून उमटवल्या, तीन-तीन अक्षरांचा गट रंगाने वेगळा केला, की ‘य’ गण चारदा आला हे शेवटच्या बाकावरही दिसते. तिथे हालचालीला अर्थ आहे, कारण वृत्त स्वतःच क्रमाने उलगडणारी गोष्ट आहे. परिणाम काढून टाकला तर काही समजायचे राहते का, एवढा एकच प्रश्न विचारावा. राहत असेल तर तो ठेवावा; नाही तर निर्दयपणे पुसावा.

खरे दुखणे मात्र वेगळेच आहे. मूल्यांकनाच्या कागदांत तंत्रज्ञान वापरले का, हे नोंदवायचे असते. कविता पोचली का, याला रकाना नसतो. झळाळती स्लाइड हा कामाचा दिसणारा पुरावा ठरतो, आणि आठ ओळी सावकाश, दोनदा, मोठ्याने वाचून दाखवण्याचा पुरावा कुठेच उरत नाही. म्हणून ते वाचन मागे पडते. आमचे भांडण आहे ते या अदलाबदलीशी. पडदा पांढरा ठेवा, त्यावर आठ ओळी काळ्या अक्षरांत लिहा, आणि वाचा. सावली पाडण्याचे काम बालकवींकडे सोपवलेले बरे.