घरापासून वर्गापर्यंत

शाळेच्या दारात उतार बांधला, दिव्यांग मुलांसाठी वेगळे स्वच्छतागृह केले, मुलाचे नाव पटावर चढवले, की ती शाळा समावेशित झाली असे आपण धरून चालतो. चाकाच्या खुर्चीवरचे मूल त्या उतारापर्यंत रोज कसे पोहोचणार, हा प्रश्न मात्र त्याच्या आईवडिलांवर सोडून दिला जातो. युनेस्कोसाठी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने तयार केलेला २०१९ चा अहवाल सांगतो, की देशातील पाच वर्षांच्या दिव्यांग मुलांपैकी तीन चतुर्थांश मुले कोणत्याच शैक्षणिक संस्थेत जात नाहीत आणि ५ ते १९ या वयोगटातही एक चतुर्थांश मुले शिक्षणाबाहेर आहेत. यामागे कारणे अनेक आहेत: विशेष शिक्षकांची कमतरता, घरच्यांची भीती, उशिरा होणारे निदान, गरिबी. त्यांतले घर आणि शाळा यांमधले अंतर हे कारण मात्र पैसा आणि नियोजन यांनी थेट दूर करता येते. म्हणूनच माझे म्हणणे असे, की ज्या मुलाला स्वतःच्या पायांनी शाळेत जाता येत नाही, त्याच्यासाठी वाहन हा शिक्षणाचाच भाग आहे. ते पुरवणे ही महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषद यांची कायद्याने बांधलेली जबाबदारी असली पाहिजे.

ही मागणी कायद्याच्या चौकटीबाहेरची नाही. शिक्षण हक्क कायद्याचे तिसरे कलम म्हणते, की प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्यात अडथळा येईल असा कोणताही खर्च मुलावर पडता कामा नये. याच कायद्याखालील केंद्राच्या २०१० च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अशी शाळेच्या अंतराची मर्यादा आहे. दिव्यांगत्वामुळे ज्यांना शाळेत पोहोचता येत नाही त्यांच्यासाठी योग्य व सुरक्षित वाहतुकीचा उल्लेखही तेथेच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे सोळावे कलम आणखी पुढे जाते. त्यात दिव्यांग मुलांच्या वाहतुकीबरोबर, जास्त आधार लागणाऱ्या मुलांच्या मदतनिसाच्या प्रवासाचीही तरतूद आहे. मात्र या दोन्ही तरतुदी एका शब्दाशी येऊन थांबतात, आणि तो शब्द म्हणजे ‘प्रयत्न’. शासन किंवा स्थानिक प्राधिकरण अशी व्यवस्था करण्याचा प्रयत्न करील, एवढेच कायदा म्हणतो. गाडी आली नाही तर पालकाने कोणाकडे जायचे, किती दिवसांत उत्तर मिळायचे, गाडी नाकारल्यास दाद कुठे मागायची, याबद्दल नेमके बंधन नाही. त्यामुळे हक्क कागदावर राहतो आणि मूल उंबरठ्यावर.

सध्याची व्यवस्था प्रामुख्याने भत्त्याची आहे. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. साहित्य, उपकरणे, ब्रेल पुस्तके, प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता हे सारे त्यातच बसवायचे असते. शाळा वर्षातले २०० दिवस भरते असे धरले आणि हे सगळे पैसे केवळ प्रवासावर खर्च केले, तरी दिवसाला साडेसतरा रुपये येतात. दुर्गम भागातील मुलांच्या वाहतुकीसाठी याच योजनेत वर्षाला कमाल ६,००० रुपये, म्हणजे दिवसाला तीस रुपये आहेत. तेवढ्यात मूल आणि मदतनीस यांचे जाणे-येणे कोणत्या रिक्षात होईल? शिवाय रक्कम पुरेशी असली तरी पैशाने गाडी मिळतेच असे नाही. वाडीवर रिक्षाच येत नसेल, आली तरी चाकाची खुर्ची आत जात नसेल, किंवा झटके येणाऱ्या मुलाला न्यायला चालक तयार नसेल, तर बँकेत जमा झालेली रक्कम त्या मुलाला वर्गात पोहोचवू शकत नाही. एसटीच्या भाड्यात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, पण सवलतीने तिकीट स्वस्त होते. गाडीच्या पायरीची उंची कमी होत नाही आणि थांबा घराजवळ येत नाही.

अंतर मुलांना घरी बसवते आणि त्यावर गाडी हाच उपाय आहे, हे महाराष्ट्राने एकदा ओळखले आहे. मानव विकास कार्यक्रमात राज्यातील १२५ मागास तालुक्यांत मुलींना गावातून शाळेत नेण्या-आणण्यासाठी एसटीच्या निळ्या बस सुरू झाल्या. गावात पुढची शाळा नाही आणि रस्ता सुरक्षित वाटत नाही, म्हणून सातवी-आठवीनंतर मुलींचे शिक्षण सुटत होते. त्यावर शासनाने मुलींच्या वडिलांना ‘तुमची सोय तुम्ही करा’ असे सांगितले नाही; आगारातून गाडी सोडली आणि तिची वेळ शाळेच्या घंटेशी जुळवली. दिव्यांग मुलाच्या बाबतीत अडचण याच जातीची आहे, फक्त अधिक तीव्र आहे. धडधाकट मुलाला जो एक किलोमीटर दहा-बारा मिनिटांचा वाटतो, तोच सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलासाठी पावसाळ्यातल्या चिखलात ओलांडता न येणारा असतो.

यावर पहिला आक्षेप असा, की समावेशित शिक्षणाचा अर्थच मुलाने घराजवळच्या शाळेत शिकावे असा आहे. मग गाडी कशाला? शाळा जवळ असावी हे बरोबरच आहे. पण जवळ म्हणजे किती, हे मुलाच्या शरीरावर ठरते, नकाशावर नव्हे. दुसरे असे, की २०१६ च्या अधिनियमाने ६ ते १८ वयाच्या लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घराजवळची शाळा किंवा पसंतीची विशेष शाळा यांत निवड करण्याचा आणि मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. कर्णबधिर किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या विशेष शाळा बहुधा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी असतात. रोजची गाडी नसेल तर पालकापुढे दोनच वाटा उरतात: सहा-सात वर्षांच्या मुलाला वसतिगृहात ठेवणे किंवा शाळाच सोडणे. ज्याला निवड म्हणावे असे त्यात काही उरत नाही. गृहाधारित शिक्षणाचेही तसेच आहे. तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना २०१२ च्या दुरुस्तीने हा पर्याय दिला, तो त्यांच्या प्रकृतीची गरज ओळखून. गाडी नाही म्हणून मूल ‘गृहाधारित’ यादीत जात असेल, तर त्याचा हक्क व्यवस्थेच्या सोयीसाठी वळवला जातो. आठवड्यातून एखाद्या वेळी येणारे विशेष शिक्षक कितीही मनापासून शिकवत असले, तरी मधल्या सुट्टीतले सवंगडी ते घरी आणू शकत नाहीत.

दुसरा आक्षेप कर्तव्याचा आहे: मुलाला शाळेत सोडणे हे आईवडिलांचे काम नाही का? इतर मुलांच्या बाबतीत हे काम दोन-तीन वर्षांचे असते. पहिली-दुसरीनंतर मूल भावंडांबरोबर, मित्रांबरोबर जाऊ लागते. इथे ते दहा-बारा वर्षे रोज दोनदा करावे लागते, आणि वाढत्या वजनाचे मूल उचलून करावे लागते. हा भार बहुतेक घरांत आईवर पडतो. सकाळी मुलाला नेणारी आणि दुपारी आणणारी बाई मजुरीचा पूर्ण दिवस भरू शकत नाही. ज्या घरात औषधोपचारांचा खर्च आधीच जास्त आहे, त्याच घरातली एक कमाई आपण अशी थांबवतो. आई आजारी पडली, की मुलाची शाळाही बुडते. पालकांच्या मायेवर शंका कोणीच घेत नाही, पण घटनेने दिलेला हक्क एका माणसाच्या पाठीच्या ताकदीवर टांगून ठेवणे न्याय्य नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. इंग्लंडमध्ये ही जबाबदारी स्थानिक परिषदांवर आहे. १९९६ च्या शिक्षण कायद्यानुसार आठ वर्षांखालील मुलांसाठी दोन मैल आणि त्यापुढे तीन मैल या अंतरापलीकडच्या योग्य शाळेसाठी मोफत वाहतूक द्यावीच लागते. विशेष शैक्षणिक गरजेमुळे किंवा दिव्यांगत्वामुळे ज्याला चालत जाणे शक्य नाही, त्या मुलाला अंतराची अटही नाही. गाडीऐवजी पैसे देता येतात, पण पालकांची संमती असेल तरच. या हक्काचा भार तिथे आता जाणवतो आहे. शिक्षण, आरोग्य आणि देखभाल यांच्या वैयक्तिक आराखड्यावर असलेली मुले व तरुण २०१५ मध्ये सुमारे २ लाख ४० हजार होते, ते जानेवारी २०२५ मध्ये ६ लाख ३८ हजारांवर गेले. शालेय वाहतुकीचा एकूण वार्षिक खर्च दोन अब्ज पौंडांपलीकडे गेला आहे आणि अनेक परिषदा मेटाकुटीला आल्या आहेत. म्हणून हा मार्गच चुकीचा, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. जवळच्या शाळांत पुरेशी सोय नसली, की मुले दूरच्या विशेष शाळांकडे जातात आणि एकेका मुलासाठी टॅक्सी लावावी लागते. वाहतुकीचा खर्च म्हणजे बऱ्याच अंशी शाळांत न केलेल्या गुंतवणुकीची वसुली आहे. गाडी आणि जवळच्या शाळेत विशेष शिक्षक, या दोन्ही गोष्टी एकत्र उभ्या केल्या तरच खर्च आटोक्यात राहतो, हा त्यातून घेण्याचा धडा. दुसरा धडा वयाचा. तिथले हे कायदेशीर बंधन सोळाव्या वर्षी संपते, पण अठरापर्यंत शिक्षण वा प्रशिक्षण घेणे मात्र सक्तीचे आहे. त्या दोन वर्षांत अनेक कुटुंबांची कोंडी होते. आपण बंधन घालताना ते २०१६ च्या अधिनियमाप्रमाणे अठरापर्यंतच घालावे.

महाराष्ट्रात सुरुवात करण्यासाठी शून्यातून उभे राहावे लागणार नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवायचा असतो. आज तो साहित्य, उपकरणे, रोख मदत अशा तुकड्यांत जातो. त्याचा ठरावीक हिस्सा आणि समग्र शिक्षेतील वाहतुकीची तरतूद गटशिक्षण कार्यालयात एकत्र केली, तर तालुक्याला निदान दोन-तीन सुयोग्य गाड्या चालवता येतील. कोणत्या वाडीत कोणते मूल आहे, ते कसे बसते, त्याला कोण लागते, याची माहिती विशेष शिक्षकांकडे असते. त्यावरून मार्ग आखता येतो. गाडीला उतार किंवा लिफ्ट, खुर्ची जखडण्याची सोय आणि प्रशिक्षित मदतनीस हवा. चालक आणि मदतनीस शक्यतो तेच राहावेत, कारण स्वमग्न मुलासाठी ओळखीचा चेहरा बदलणे म्हणजे त्या दिवसाची शाळा गमावणे असू शकते. प्राथमिकच्या मुलाने एका फेरीत पाऊण तासापेक्षा जास्त वेळ गाडीत बसू नये, अशी मर्यादा घालावी. ज्या पालकांना भत्ताच सोयीचा वाटतो त्यांना तो द्यावा, पण त्यांच्या लेखी संमतीने आणि प्रत्यक्ष भाड्याएवढा. जी मोठी मुले शिकवल्यास एकट्याने बसने जाऊ शकतात, त्यांना तो सराव शाळेनेच करून द्यावा. गाडीचा हेतू मुलाला परावलंबी करणे हा नव्हेच.

राज्याने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. त्या विभागाने आणि शालेय शिक्षण विभागाने मिळून नियमांतला एक शब्द बदलावा: ‘प्रयत्न करील’च्या जागी ‘व्यवस्था करील’. त्याखाली अर्जाला तीस दिवसांत उत्तर आणि नकाराविरुद्ध अपील, एवढे दोन नियम जोडावेत. जूनमध्ये शाळेची पहिली घंटा वाजेल तेव्हा पटावरच्या प्रत्येक नावापुढे हजेरी लागायची असेल, तर ते मूल घरातून कसे निघाले याची नोंद ठेवण्यापासून सुरुवात करावी लागेल.