विजापूरचा वाटा

फराळाचे ताट समोर असता राजकारण कशाला, असे आमच्या घरात म्हणतात. पण पंगतीचाच विषय आहे, म्हणून बोलतो.

आमच्या पडेगावावरून जाणारा रस्ता दौलताबादेस व पुढे वेरुळास जातो. २०२३ च्या फेब्रुवारीत ‘जी-२०’ राष्ट्रांच्या महिला-गटाची पहिली बैठक आमच्या शहरात भरली. भिंती रंगल्या आणि ‘आता आपण मोठ्यांच्या पंगतीत बसलो’ म्हणून आमची छाती फुगली. माझीही फुगली, खोटे कशाला सांगू? परंतु पंगतीत पान मिळाले म्हणजे घर आपले झाले, असे कोणी समजू नये.

हे शहर १६१० मध्ये मलिक अंबराने वसविले. हबसाणातून गुलाम म्हणून आलेला हा निजामशाहीचा वजीर. १६२४ मध्ये भातवडीस त्याने मुघल आणि विजापूर यांच्या एकवटलेल्या फौजेला धूळ चारली. विजापूर तेथे काय करीत होते? शेजाऱ्याला दाबण्यासाठी बलाढ्याची मदत घेत होते! अंबर गेला, १६३३ त दौलताबाद पडले. १६३६ च्या तहात विजापूरने शहाजहानचे वर्चस्व मान्य केले आणि बुडालेल्या निजामशाहीचा वाटा उचलला. मुलूख वाढला, व्यवहार फायद्याचा वाटला. बरोबर पन्नास वर्षांनी, १६८६ त, औरंगजेबाने विजापूरच घेतले. पुढल्याच वर्षी गोवळकोंडे गेले.

आज इंडोनेशिया, भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका हे असेच मधल्या बळाचे देश. २०२२ पासून २०२५ पर्यंत ‘जी-२०’ चे यजमानपद ओळीने यांच्याकडेच होते. दिल्लीच्या परिषदेत आफ्रिकी संघाला सभासद करून घेतले, हे उत्तमच झाले. परंतु २०२५ च्या नोव्हेंबरात जोहान्सबर्गच्या परिषदेवर अमेरिकेने बहिष्कार घातला, आणि २०२६ च्या आपल्या परिषदेस दक्षिण आफ्रिकेला बोलावणार नाही, असे जाहीर केले.

पंगतीतून एकाचे पान उचलले जात असता उरलेल्यांनी काय करावयाचे? शहाणे सांगतात, ‘गप्प बसा, आपला व्यापार अडेल.’ व्यापार अडेल, हे मलाही कळते. पण हे शहाणपण विजापूरचे आहे. आपले बळ यजमानाच्या मर्जीत नाही, शेजारच्या पानावर बसलेल्यांच्या एकजुटीत आहे. त्याच्यासाठी आज आपण उठलो नाही, तर उद्या आपल्यासाठी कोण उठेल?