रोजची भाकर

गेले काही आठवडे एक विषय डोक्यात घोळतोय. आज शनिवार मोकळा मिळालाय, तर लिहूनच टाकतो. विषय श्रद्धेचा आहे, त्यातून ख्रिस्ती श्रद्धेचा, त्यामुळे काही मंडळी इथूनच परत फिरतील. हरकत नाही. पण थांबलात तर बरं वाटेल. तुमची श्रद्धा वेगळी असली किंवा अजिबात नसली, तरी प्रश्न बहुधा तुमचाही आहे.

प्रश्न असा, की श्रद्धा रोजच्या जगण्यात हाताशी ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं?

आमच्या पिढीने याचं उत्तर ॲपवर सोपवलंय. सकाळी सात वाजता मोबाईलवर वचन येतं. मागे सूर्योदयाचं चित्र, वर झोकदार इंग्रजी अक्षरं. दात घासता घासता वाचायचं आणि अंगठ्याने बाजूला सारायचं. त्याच्याच खाली सकाळच्या मीटिंगची आठवण, त्याखाली क्रेडिट कार्डाचं बिल. सलग सात दिवस वाचलं की ॲप शाबासकी देतं, एक दिवस चुकला की आकडा पुन्हा शून्यावर. ही असली नोटिफिकेशन्स बनवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, म्हणून खात्रीने सांगतो. तुम्ही ॲप पुन्हा उघडावं एवढ्यासाठी ती बनवलेली असतात. दुपारी तीन वाजता त्यातला एक शब्द तरी तुमच्याजवळ उरला का, हे कुणी मोजत नाही.

ॲपवर माझा राग नाही. प्रवासात सगळं पवित्र शास्त्र खिशात असणं ही सोयच आहे. पण खिशात असणं वेगळं आणि हाताशी असणं वेगळं. आमच्या भाषेत सांगायचं तर एक गोष्ट सर्व्हरवर असते आणि एक आपल्या मशीनवर उतरवून घेतलेली असते. कुठली कुठे आहे ते नेटवर्क गेल्यावर कळतं.

माझं घर साताऱ्याचं, आजोळ सांगलीचं. सांगलीहून मिरजेला जाताना वाटेत वानलेसवाडी लागते. ज्यांच्या नावाने ती वाडी, ते डॉ. विल्यम वानलेस हे मूळचे कॅनडाचे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे ते इकडे आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेत हॉस्पिटल उभारलं. आमच्या भागात कित्येक वर्षं 'मिशन हॉस्पिटल' म्हटलं की दुसरं कुठलं डोळ्यांसमोर यायचंच नाही. माझी आजी तिथे नर्स होती. ती सांगायची, ऑपरेशन सुरू करण्याआधी डॉक्टर क्षणभर थांबून प्रार्थना करायचे, पेशंट कुठल्याही जातीधर्माचा असो. त्यात तिला विशेष काही वाटायचं नाही. हात धुणं, हत्यारं उकळून घेणं, तशीच ती एक पायरी.

या आजीकडे ॲप सोडा, धड चष्मासुद्धा नव्हता. पण तेविसावं स्तोत्र, प्रभूची प्रार्थना आणि 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकातली कितीतरी गाणी तिला तोंडपाठ होती. भाताला किती वेळ लागतो हे ती गाण्यांत मोजायची. साधा भात दोन गाण्यांचा, जुन्या तांदळाचा अडीच. (अर्धं गाणं म्हणजे नेमकं कुठपर्यंत, यावर मामी आणि तिचे मतभेद होते.) रात्रपाळीत एखादा पेशंट घाबरला की ती त्यातलंच काहीतरी हळू आवाजात म्हणायची. शोधायला कुठे जायला लागत नव्हतं, तेवढ्यापुरतं तिच्या तोंडात असायचं.

आणि ते मराठीत असायचं. माझ्या मते सगळी गोम इथे आहे. प्रभूच्या प्रार्थनेत इंग्रजीत ज्याला 'ब्रेड' म्हणतात, तिथे आपल्या मराठी शास्त्रात 'भाकर' आहे. लहानपणी मला हा शब्द ऐकला की थेट चुलीवरची ज्वारीची भाकरीच दिसायची, पापुद्रा सुटलेली. येशूने गालीलात कसली भाकर खाल्ली असेल याची चिंता कधी वाटली नाही, आमच्यासारखीच खाल्ली असणार! पुढे इंग्रजी शाळेत तीच प्रार्थना इंग्रजीत पाठ केली, तेव्हा डोळ्यांसमोर बेकरीतला पाव आला. प्रार्थना तीच, पण ती स्वयंपाकघरातून उठून दुकानात जाऊन बसली.

हे स्वयंपाकघरात आणून बसवण्याचं काम आपल्याकडे काही जणांनी फार कष्टाने केलंय. पंडिता रमाबाई केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या, कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी बायबल उतरवलं. मुक्ती मिशनमधल्या मुलींनीच ते छापलं. १९२२ साली रमाबाई गेल्या आणि १९२४ साली संपूर्ण बायबल निघालं. आपल्या काळात वसईच्या फादर दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' केलं, त्याला २०१३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

पण मला सगळ्यात जवळचे वाटतात ते ना. वा. टिळक. शाळेत आपल्याला त्यांची ओळख फुला-मुलांचे कवी अशी करून देतात आणि पुढे सरकतात. १८६१ साली करजगावला जन्म, चित्पावन घर, १८९५ साली बाप्तिस्मा. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. आणि तो पूल त्यांनी मागे वळून जाळला नाही. अभंग, भजन, कीर्तन सगळं बरोबर घेऊन आले. आमच्या 'उपासना संगीता'त त्यांचा वाटा फार मोठा आहे. आजीचा भात त्यांच्याच कडव्यांवर शिजायचा म्हणा ना.

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला. तेव्हा वय छप्पन्नच्या आसपास, म्हणजे आजच्या हिशोबाने लोक पीएफची बेरीज करत बसतात ते वय. साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ताला मानणाऱ्या कुणीही यावं, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, अशी ती कल्पना. दोन वर्षांत, १९१९ साली, ते गेले आणि दरबार फार वाढला नाही. साताऱ्यातल्या किती लोकांना तो माहीत आहे? कंदी पेढे सगळ्यांना माहीत आहेत. शंभर वर्षांपूर्वी आमच्याच गावात एक माणूस म्हणत होता की श्रद्धा मिशनच्या कंपाउंडात ठेवू नका, ओसरीवर आणा, शेजाऱ्याला बसता येईल अशी ठेवा. आणि आम्ही पुण्या-बंगळुरात वन बीएचकेत बसून ती पुन्हा एकेकट्याच्या स्क्रीनमध्ये कोंडतोय.

आता थोडं टोचणारं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचलं नसेल तर कृपा करून वाचा, धर्मासाठी नको तर मराठीसाठी वाचा. सोवळ्याचं वेड काय असतं हे या बाईने माहेरीच पाहिलेलं. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून तिच्यावर आभाळ कोसळलं. पुढे हळूहळू, स्वतः विचार करून करून, तिला पटलं की जातिभेद हा माणसांनी केलेला आहे. आधी तिने विटाळ सोडला, कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. बाप्तिस्मा झाला तो नंतर, १९०० साली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. तिची श्रद्धा पाण्याच्या भांड्यापाशी आधी पोचली आणि चर्चमध्ये मागाहून.

आमच्याकडे आज बऱ्याच घरांत हे उलटं दिसतं. दारावर क्रूस, गाडीच्या काचेवर वचनाचा स्टिकर, रोज सकाळी स्टेटस. आणि भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा चहाचा कप वेगळा. लग्न ठरवताना 'मूळचे कोण?' हा प्रश्न आवाज खाली करून, पण विचारतातच. हे मी आमच्याच लोकांबद्दल लिहितोय, बाहेरच्यांनी लगेच खूश व्हायचं कारण नाही, त्यांच्या घरी काय चालतं तेही आम्हाला माहीत आहे. पण श्रद्धा हाताशी आहे म्हणायचं आणि त्याच हाताने कप वेगळा काढून ठेवायचा, हे मला पचत नाही.

ऑफिसचं काय? तिथे श्रद्धा आणू नये असं माझे बरेच मित्र म्हणतात आणि प्रचाराच्या बाबतीत मला ते शंभर टक्के मान्य आहे. कॉफी मशीनपाशी कुणी मला धर्म समजावू लागलं तर मी पण कप घेऊन सटकतो. तसंही माझ्या वाट्याला बहुतेक वेळा एकच संवाद येतो. "तू ख्रिश्चन? पण आडनाव तर मराठी आहे!" मग, "गोव्याचे का?" नाही हो, साताऱ्याचा. यापुढे गाडी सहसा जात नाही.

पण रिलीज फसतं, क्लायंट कॉलवर असतो आणि चूक कुणाची असं विचारलं जातं. अशा वेळी नव्याने आलेल्या पोराचं नाव घेऊन मोकळं होणं अगदी सोपं असतं. नाव घेणार की 'टीमकडून राहिलं' म्हणणार, हे ठरवायला जेमतेम दोन सेकंद मिळतात. दोन सेकंदांत ॲप उघडत नाही. शुभ शुक्रवारची सुट्टी मिळाली की नाही यावरून आम्ही भांडतो, भांडावंही, पण त्या दोन सेकंदांबद्दल आपसात कधी बोलत नाही. मला वाटतं तेव्हा काय सुचेल हे वीस वर्षांपूर्वी घरात रोज काय कानावर पडलं यावर पुष्कळ अवलंबून असतं. हे सिद्ध करता येणार नाही, मत आहे.

म्हणूनच पोरांच्या बाबतीत माझा जीव तुटतो. आमच्या पुण्यातल्या ओळखीच्या ख्रिस्ती घरांतली मुलं इंग्रजी गाणी छान म्हणतात, गिटारही वाजवतात. टिळकांचं एक भजन समोर ठेवलं तर अक्षरं जुळवत बसतात. ही मुलं अश्रद्ध होतील अशी भीती मला नाही. पण ज्या भाषेत त्यांची आजी आजारपणात त्यांच्याशी बोलणार, त्या भाषेत तिच्यासोबत म्हणायला त्यांच्याकडे काहीच नसेल, याची भीती वाटते. भाषा जाते तेव्हा एकटी जात नाही, उशाशी बसून म्हणायच्या चार ओळीही घेऊन जाते.

सांगलीला मामाकडे अजून रात्री साडेआठला कौटुंबिक प्रार्थना होते. दहा-पंधरा मिनिटं, जास्त नाही. एक गाणं, मग एक अध्याय, प्रत्येकाने एकेक वचन वाचायचं आणि पुस्तक पुढे द्यायचं. टीव्हीचा आवाज बंद करतात, टीव्ही नाही. (मामाची मॅच असते.) शेजारचा मुलगा अभ्यासाला त्यांच्या टेबलावर बसतो. त्यांच्या घरी गणपती असतो, तो काही ख्रिस्ती वगैरे नाही. पण पुस्तक फिरत त्याच्यापर्यंत आलं की तोही त्याचं वचन वाचतो आणि पुढे देतो, आणि मग पुन्हा गणितं. त्याला कुणी बस म्हटलेलं नाही की ऊठ म्हटलेलं नाही. मागच्या खेपेला अवघड नावांचा अध्याय आला होता, तर सगळ्यात न अडखळता त्यानेच वाचला.

पुढच्या शनिवारी तिकडे जायचंय, त्यामुळे लेख नाही. मामीचा फोन येऊन गेला, येताना पेढे आण आणि 'उपासना संगीता'ची एक चांगली प्रत मिळते का बघ. घरातली सुटी झालीय, अर्धी पानं दोऱ्याने बांधून ठेवलीयत.