नियति कीं वंशावळ?

अद्भुतरसाच्या चित्रपटांशीं आमचें वैर नाहीं, हें आरंभींच सांगून टाकणें बरें. ज्यांच्या बाळपणीच्या रात्री वेताळपंचविशीनें आणि सिंहासनबत्तिशीनें जागविल्या, त्यांनीं पडद्यावरील राक्षस आणि उडते रथ पाहून नाक मुरडणें शोभत नाहीं. दैवाची कथा सांगणें हेंच मुळीं पाप होय, असेंहि आम्ही म्हणत नाहीं. आमची तक्रार निराळी आहे. 'नियति' या भारदस्त नांवाखालीं आज पडद्यावर जें पुष्कळदां विकलें जातें, ती नियति नव्हेच. तो वंशावळीचा कागद आहे, आणि त्याला गंधफूल वाहून तो पूज्य करण्यांत आला आहे.

आरोप मोठा आहे. तेव्हां पुराव्याकडे वळूं. नियतीची खरी कथा कशी असते, तें पाहण्यासाठीं शंभर वर्षें मागें जावें लागतें. १९२१ सालीं जर्मनींत फ्रिट्झ लांग यानें एक मूकपट काढला. त्याच्या मूळ नांवाचा अर्थ 'थकलेला मृत्यु' असा होतो. इंग्रजींत तो 'डेस्टिनी', म्हणजे नियति, याच नांवानें ओळखला जातो. एका तरुणीचा प्रियकर मृत्यु घेऊन जातो, आणि ती त्याच्या मागोमाग त्याच्या दालनांत जाऊन पोंचते. तेथें असंख्य मेणबत्त्या तेवत असतात. एकेक ज्योत म्हणजे एकेका मनुष्याचें आयुष्य. विझूं घातलेल्या तीन ज्योतींपैकीं एक जरी तिनें वांचविली, तरी प्रियकर परत मिळेल, अशी अट पडते. खलिफाच्या नगरींत, व्हेनिसमध्यें आणि चीनमध्यें, तिन्ही ठिकाणीं ती हरते. मग तिला अखेरची सवलत मिळते : तासाभरांत दुसऱ्या कोणाचा तरी जीव बदली आणून दे. जगण्याला कंटाळलेले म्हातारेहि आपला जीव देण्यास तयार होत नाहींत. इतक्यांत एका इमारतीला आग लागते. आंत राहिलेलें तान्हें मूल तिच्या हातीं येतें, आणि मृत्यु तें घेण्यासाठीं हात पुढें करतो. ती मूल त्याला देत नाहीं. आईच्या हवालीं करते, आणि स्वतः प्राण सोडते.

येथें नियति जिंकली, यांत शंका नाहीं. परंतु नियतीला तिच्याकडून बालहत्या करवितां आली नाहीं, हेंहि तितकेंच खरें. मनुष्याच्या हातीं काय नाहीं आणि काय आहे, यांमधील सीमारेषा त्या एका क्षणांत लख्ख दिसते. आपल्या सावित्रीच्या कथेचें मर्महि हेंच नाहीं काय? दादासाहेब फाळक्यांनीं १९१४ सालींच तिला पडद्यावर आणलें. पतिव्रतेच्या आदर्शाचें जोखड पुढें या कथेच्या नांवानें स्त्रियांच्या मानेवर ठेवण्यांत आलें, हें आम्हांस मान्य आहे; पण मूळ कथेंतील सावित्रीला वर्षभराची मुदत नारदाकडून आधींच कळलेली असते, आणि तरीहि ती भविष्याला आज्ञा मानीत नाहीं. ती वाद करते, यमाच्या मागें चालते, आणि शब्दांत पकडून त्याला हरविते.

आतां नव्या पटांकडे पाहूं. १९७७ सालीं अमेरिकेंत 'स्टार वॉर्स' निघाला. त्यांतील शेतावरचा पोरगा सामान्य आहे, असें वाटतें न वाटतें तोंच १९८० च्या दुसऱ्या पटांत तो खलनायकाचाच पुत्र ठरतो. पुढें २०१७ सालीं याच मालेंत एक धाडसी गोष्ट घडली. रे नांवाच्या नायिकेला सांगण्यांत आलें कीं, तुझे आईबाप कोणीच नव्हते. दारूच्या पैशांसाठीं त्यांनीं तुला विकलें. त्याच पटाच्या शेवटीं तबेल्यांतला एक गरीब पोर नुसत्या इच्छेनें झाडू हातांत ओढून घेतो. सामर्थ्य कोणाच्याहि पोटीं जन्मूं शकतें, ही ग्वाही त्यांत होती. ती दोन वर्षें टिकली! २०१९ च्या पटानें रे हिला सम्राट पालपटीनची नात ठरविलें. कोणी म्हणतील, शेवटीं तिनें तें आडनांव झुगारून दिलें. होय, पण स्वीकारलें तें स्कायवॉकर या दुसऱ्या थोर घराण्याचें.

आपल्याकडील उदाहरण याहून बोलकें आहे. 'बाहुबली'च्या पहिल्या भागांत (२०१५) वनवासी लोकांत वाढलेला तरुण लहानपणापासून पुनःपुन्हां पडून अखेर धबधबा चढून जातो. ही त्याच्या बाहूंची कमाई. परंतु वृद्ध कट्टप्पा त्याचें पाऊल मस्तकीं धारण करतो, तें या कमाईसाठीं नव्हे. मृत राजपुत्राशीं जुळणाऱ्या चेहऱ्यासाठीं. आणि हा कट्टप्पा कोण? पूर्वजांच्या वचनामुळें सिंहासनाचा जन्मदास! ज्या न्यायानें एकाला राज्य मिळतें, त्याच न्यायानें दुसऱ्याला दास्य मिळतें. प्रेक्षक पहिल्यासाठीं टाळ्या पिटतो, आणि दुसऱ्याला स्वामिनिष्ठा म्हणून डोळे पुसतो.

यावर पूर्वपक्ष असा कीं, महाकाव्यांतहि नायक राजपुत्रच असतात. मग बिचाऱ्या चित्रपटांनाच दोष कां? उत्तर उद्योगपर्वांत आहे. तेथें कृष्ण कर्णाला त्याचें जन्मरहस्य सांगतो आणि राज्य पुढें ठेवतो. वंशावळ उघडी होते, आणि कर्ण ती नाकारतो. ज्यांनीं वाढविलें त्या सूत मातापित्यांना आणि दुर्योधनाच्या मैत्रीला तो अंतर देत नाहीं. महाभारतांत जन्मरहस्यापाशीं मनुष्याची कसोटी सुरू होते. आजच्या पटांत तेथें सर्व प्रश्न मिटतात. त्याच कर्णाची २०२४ च्या 'कल्कि'पटांत काय गत झाली, पाहा. स्वार्थासाठीं लढणारा नायक ऐन वेळीं पूर्वजन्मींचा कर्ण ठरतो आणि त्याचें मोल वाढतें. ज्यानें कुळाचा आधार झिडकारला, त्यालाच कुळाचा दाखला करून टाकलें!

अपवाद नाहींत असें नाहीं. 'ड्यून'च्या २०२४ च्या दुसऱ्या भागांत, तारणहाराची भविष्यवाणी एका संघटनेनें आपल्या हेतूसाठीं लोकांत पेरलेली आहे, हें स्पष्ट दाखविलें आहे. सारे गुडघे टेकतात तेव्हां नायकाची प्रेयसी चानी तेवढी पाठ फिरवून निघून जाते. म्हणजे अद्भुत पटाला हें साधत नाहीं, असें नव्हे. बहुतेकांना तें नको असतें.

"दोन घटकांची करमणूक, तीवर एवढा कोप कशाला?" असें आम्हांस विचारलें जाईल. ज्या देशांत नांव सांगितल्यावर आडनांव विचारल्यावांचून पुष्कळांना ओळख पुरी झाली असें वाटत नाहीं आणि पत्रिका जुळल्यावांचून किती तरी घरीं लग्न ठरत नाहीं, त्या देशांत ही करमणूक निरुपद्रवी कशी म्हणावी? चित्रगृहाच्या काळोखांत बसलेल्या शेंकडों मुलांपैकीं एकाचाहि बाप हरवलेला राजा नसतो. त्यांना तीन तास हेंच सांगितलें जातें कीं, पराक्रम ज्यांच्या रक्तांत असतो ते निराळे, आणि तुमचें काम जयजयकाराचें. लांगच्या नायिकेला कोणतें घराणें होतें, हें त्या पटांत कोणी विचारीत नाहीं, आणि त्यावांचून तिचें कांहींच अडत नाहीं. एक तान्हें मूल कोणाच्या हातीं द्यावयाचें, एवढेंच तिला ठरवावयाचें होतें. अशा प्रसंगाला लागणारें धैर्य काळोखांतल्या त्या प्रत्येक मुलाच्या आवांक्यांतलें आहे. तें त्याला दाखवा. वंशावळ दाखविणारे त्याच्या भोंवतीं आधींच पुष्कळ आहेत.