विश्लेषण : सीएनजी टाकीची मुदत पाहायची कुणी?

सीएनजी पंपावर रांग सरकते, प्रवासी खाली उतरतात, नळी जोडली जाते आणि काही मिनिटांत गाडी बाहेर पडते. गाडीवर लावलेल्या छोट्या पट्टीकडे या घाईत क्वचितच कुणाचे लक्ष जाते. टाकीची शेवटची चाचणी कधी झाली आणि पुढची कधी, हे त्या पट्टीवर लिहिलेले असते. चाचणी दर तीन वर्षांनी बंधनकारक आहे.

२०० बार म्हणजे किती?

मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब दोन-अडीच बार असतो. सीएनजी भरला जातो तो सुमारे २०० बारला, म्हणजे टायरच्या ऐंशी ते शंभर पट दाबाने. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने मोकळ्या जागेत गळती झाली तर तो वर जाऊन विरतो. या बाबतीत तो जमिनीलगत साचणाऱ्या एलपीजीपेक्षा बरा. बंद डिकीत मात्र ही सोय नाही, म्हणून तिथे गळालेला गॅस गाडीबाहेर नेणारी नळी लागते. पण मुख्य प्रश्न आगीपेक्षा धातूचा आहे. रोज गॅस भरणाऱ्या रिक्षाची टाकी तीन वर्षांत हजाराहून अधिक वेळा ताणली जाते आणि सैलावते. त्यात पावसाळ्यातला चिखल, टाकी बांधणाऱ्या पट्ट्याखाली धरणारा गंज, घासल्याचे ओरखडे. हे सारे बाहेरून दिसेलच असे नाही.

जलदाब चाचणीत नेमके हेच तपासतात. टाकी उतरवून रिकामी करतात, पाण्याने भरतात आणि नेहमीच्या दीडपटीहून जास्त दाब देतात. दाब काढल्यावर टाकी मूळ आकारात परतली नाही, कायमची फुगली, तर ती बाद. पाणीच का? ते फारसे दाबले जात नाही, त्यामुळे टाकी फुटली तरी गॅससारखा स्फोट होत नाही.

नियम आहे, मग त्रुटी कुठे?

स्फोटके कायद्याखालील गॅस सिलिंडर नियम, २०१६ यांची अंमलबजावणी पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे ‘पेसो’ करते. तिचे मुख्यालय नागपुरात आहे. रिक्षा-टॅक्सी योग्यता प्रमाणपत्रासाठी ठरावीक काळाने आरटीओत जातात, तिथे टाकीची कागदपत्रे पाहता येतात. खासगी मोटारीची पहिली नोंदणी मात्र १५ वर्षांची असते. या काळात टाकीच्या पाच चाचण्यांची वेळ येऊन जाते आणि वाटेत गाडी अडवणारा उरतो फक्त पंपावरचा कर्मचारी. मागे वाजणारे हॉर्न ऐकत त्याने ग्राहकाला परत पाठवावे, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. बीएस-६ पेट्रोल गाड्यांत बाहेरून किट बसवण्यास २०२२ मध्ये परवानगी मिळाल्यापासून हा प्रश्न आणखी वाढला आहे.

चाचणीची तारीख पीयूसीप्रमाणे वाहन क्रमांकाशी जोडून पंपावर आणि विमा नूतनीकरणाच्या वेळी तपासली, तर एकट्या कर्मचाऱ्यावरचा भार हलका होईल. दुसरी अडचण पैशांची. टाकी चाचणीला गेली की रिक्षाचालकाची कमाई थांबते. मान्यताप्राप्त केंद्रांनी बदली टाकी दिली किंवा त्याच दिवशी काम उरकले, तरच तो स्वतःहून येईल. बाद टाकी तर केंद्रातच कापून किंवा चेपून निकामी व्हायला हवी. तशीच परत दिलेली टाकी जुन्या बाजारातून दुसऱ्या गाडीत बसू शकते, आणि त्या गाडीच्या मालकाला तिचा इतिहास कुणी सांगत नाही.