रातपाळी आणि ऊन

पालकसभेला आलेले एक अब्बा म्हणाले, "सर, कंबर, मांड्या दुखतात, वय झालं." वय ३८! लूमवर बारा तासांची रातपाळी, दिवसा झोप. ऊन भेटतच नाही.

ड जीवनसत्त्व त्वचेत उन्हाने बनते. शेतात राबणाऱ्याला ते आपसूक मिळते. लूमवाल्याला, घरी शिलाई करणाऱ्या बहिणींना आणि वर्गात कोंडलेल्या आम्हा शिक्षकांना नाही. खिडकीच्या काचेआडचे ऊनही कामाचे नाही, ते किरण काच अडवते.

जुहरच्या आधी गच्चीवर, आडोशाला, बाह्या वर करून थोडा वेळ बसावे. दुखणे राहिले तर रक्त तपासावे. २० नॅनोग्रॅमखाली म्हणजे कमतरता. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच. शरीर ही अल्लाहची अमानत आहे. दुखणे वयावर ढकलू नये.